माणसं बाजूला व्हा, पडदा दिसू द्या : खान्देशातले चार दिवस

मला नटांचे फोटो नकोत, नटांच्या मागचा पडदा पाहिजे, हे वाक्य मी गेल्या आठ वर्षांत इतक्या जणांना सांगितलंय की आता भाचाच माझ्या आधी म्हणून टाकतो. मी नाशिकला शाळेत चित्रकला शिकवते. जुन्या संगीत नाटकांच्या सीनसीनरीचे फोटो जमवायचा नाद लागला तो एका रद्दीवाल्याकडे मिळालेल्या पुठ्ठ्यावरच्या फोटोमुळे. त्यात एक शालू नेसलेला नट उभा आणि मागे बागेचा पडदा, कारंजं, मोर, सगळं हाताने रंगवलेलं, आणि मी पंधरा मिनिटं त्या नटाकडे बघितलंच नाही, कारंज्याचं पाणी कसं काढलंय तेच बघत बसले.

बाहेरच्या देशांत ऑपेराच्या सीनरीचे जुने फोटो जमवणारे लोक आहेत. १८७६ ला जर्मनीत बायरॉइटला वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका पहिल्यांदा सलग झाली, तिच्या सीनरीची डिझाइनं जोसेफ हॉफमन नावाच्या चित्रकाराची होती आणि व्हिएन्नाच्या व्हिक्टर अँगररने त्यांचे फोटो काढले, ते आजही अभ्यासाला मिळतात. आपल्याकडे त्यानंतर चारच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. मग पुढची पन्नास वर्षं नाटक कंपन्या गावोगाव राजवाडे, अरण्यं, तुरुंग, देवळं गुंडाळून नेत राहिल्या, आणि त्या पडद्यांचे फोटो म्हणाल तर हाताच्या बोटांवर. नटाचा फोटो प्रत्येकाने जपला. पडद्याचा कोण जपणार?

तर शाळेतल्या एका बाईंच्या माहेरी, अमळनेरला, एका ट्रंकेत ‘नाटकाचं काहीतरी’ आहे असं कळलं आणि मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकली. भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्याला भरिताचं आमिष दाखवलं.

पहिला दिवस – चाळीसगाव

नाशिकहून सकाळची गाडी, वेळेवर निघाली वेळेवर पोचली, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उतरलो तेव्हा हवेत मस्त गारवा होता, खान्देश म्हटलं की लोकांना फक्त मे महिना आठवतो पण डिसेंबरात पहाटे इथे शाल लागते आणि अकरा वाजता तीच शाल पिशवीत जाते.

चाळीसगावला थांबायचं कारण एकच, फोटोग्राफर केकी मूस. स्टेशनच्या जवळच त्यांचं घर आहे, आता संग्रहालय. १९१२ चा जन्म, शिकायला इंग्लंडला जाऊन आले आणि मग या घरातून फार क्वचित बाहेर पडले, १९८९ च्या ३१ डिसेंबरला इथेच गेले. कोणा एका मुलीने पंजाब मेलने यायचं कबूल केलं होतं म्हणून रोज त्या गाडीच्या वेळेला ते दार उघडून वाट बघायचे असं सांगतात. खरं खोटं देव जाणे. पंजाब मेलही १९१२ चीच बरं का, दोघं एका वयाचे.

मला मात्र त्यांच्या प्रेमापेक्षा त्यांचं टेबल महत्त्वाचं. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे टेबलावर घरातल्या बारक्यासारक्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की फोटोत ते खरंखुरं माळरान, डोंगर, गाव वाटलं पाहिजे. एका फोटोपुढे भाचा म्हणाला, ‘मावशी हे कुठलं ठिकाण असेल गं?’ मी म्हटलं, ‘टेबल.’ तो परत जाऊन नाक लावून बघून आला. नाटकाचा पडदा हेच करतो, फक्त उलट बाजूने, पंधरा फूट कापडावर मैलभर लांब रस्ता दाखवतो. (जायच्या आधी उघडायची वेळ विचारून घ्या, आणि आत फोटो काढायचे तर परवानगी मागा.)

बाहेर चहाच्या टपरीवर एक टोपीवाले बाबा शेजारी येऊन बसले. ‘कथाईन उनात?’ नाशिकहून म्हटलं. काय काम, तर मी सांगितलं, जुन्या नाटकाच्या पडद्यांचे फोटो शोधतेय. बाबा बराच वेळ बशीतला चहा हलवत राहिले, मग म्हणाले, ‘बाई, माणसंस्ना फोटू ठेवतस लोके. पडदास्ना काय ठेवतस?’ भाचा इतका हसला की चहा नाकात गेला.

संध्याकाळी गावातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेलो. आता तिथे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स चालतं, पण मालक काका सत्तरीचे आणि बोलायला एकदम मोकळे. त्यांच्याकडे आजोबांच्या काळचा स्टुडिओचा पडदा अजून आहे, संगमरवरी जिना, कठडा, कुंडी, मागे तळं. माळ्यावरून दोघांनी उतरवला आणि दुकानातच अर्धा उलगडला. हात लावला तर बोटाला पांढरी भुकटी. हे रंग तेलाचे नसतात, सरस उकळून त्यात पांढरी माती आणि रंगाची पूड कालवायची, म्हणून पडदा हलका राहतो, गुंडाळता येतो, दिव्याखाली चमकत नाही, पण ओल लागली की संपलं. आणि गुंडाळी जिथे जिथे वळते तिथे रंगाला आडवी चीर जाते. फोटोत अशा आडव्या चिरा सारख्या अंतरावर दिसल्या की समजायचं, हा प्रवास केलेला पडदा आहे.

काकांना मी विचारलं, नाटकाचा फोटो स्टेजवर का नाही काढायचे? ते म्हणाले, ‘ताई, उजेड कुठे होता?’ काचेच्या प्लेटा मंद, थेटरातले दिवे त्याहून मंद, मॅग्नेशियमची पूड पेटवावी तर कापडी पडदे आणि लाकडी तंबू, कोण परवानगी देणार. त्यामुळे नट मेकअप करून स्टुडिओत यायचा आणि स्टुडिओच्याच जिन्यापुढे उभा राहायचा. म्हणजे आपण ज्याला नाटकाचा फोटो म्हणतो त्यात मागे बऱ्याचदा नाटकाचा पडदा नसतोच! खरा पडदा बघायचा तर दिवसा, उघड्यावर टांगून काढलेला फोटो शोधा. निघताना काकांनी भुसावळच्या त्यांच्या व्याह्यांचा नंबर दिला, रेल्वेतून रिटायर, तरुणपणी नाटकं करायचे.

दुसरा दिवस – धुळे

ब्रँच लाईनने धुळे. दोन्ही बाजूला कपाशी, वेचणी चाललेली, आणि डब्यात एक मावशी हरभऱ्याचे घाटे सोलून अख्ख्या डब्याला वाटत होत्या.

धुळ्याचा दिवस फसला, आणि चूक माझीच. पाचकंदील भागात फिरताना एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दुकानदाराने फाईलमधून एक फोटो काढला, अरण्याचा पडदा, पुढे ऋषीकुमार, रंग अगदी चहासारखा तपकिरी, कोपरे दुमडलेले. माझं भिंग लॉजवर बॅगेत राहिलेलं. बाराशे सांगितले, नऊशेला दिला, मी नाचतच बाहेर आले. लॉजवर भिंगाखाली धरला तर सगळीकडे रंगीत ठिपकेच ठिपके. निळा, गुलाबी, पिवळा. म्हणजे कुठल्यातरी पुस्तकातलं चित्र स्कॅन करून प्रिंटरवर काढलेलं, वर चहाचं पाणी फासलेलं. भाचा वास घेऊन म्हणाला, ‘मावशी, यात आलंपण आहे.’

तेव्हा हे लक्षात ठेवा. दहा पटीचं भिंग खिशात, बॅगेत नाही. खऱ्या जुन्या फोटोत भिंगाखाली ठिपके नसतात, काळ्याचा राखाडी आणि राखाडीचा पांढरा सलग होत जातो. काळे ठिपके ओळीत दिसले तर ते मासिकातलं किंवा हस्तपत्रिकेतलं छापील चित्र, तेही जमवण्यासारखं असतं पण किंमत वेगळी. रंगीत ठिपके म्हणजे कालपरवाचं. आणि फोटो तिरका धरून उजेडात बघा, चांदीचे क्षार वापरून काढलेल्या जुन्या फोटोला काळ्या भागात, खास करून कडेला, आरशासारखी निळसर चंदेरी झाक येते. ती चहाने येत नाही.

दुपारी राग घालवायला शेवभाजी खाल्ली. भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला, वर लाल तर्री, आणि जाड तिखट शेव अगदी शेवटी, वाढताना. आधी घातली की लगदा होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी, भाच्याच्या नाकातून, आणि वाढणारा पोरगा विचारतो, ‘तिखट कमी पडलं का?’ त्यानंतर राजवाडे संशोधन मंडळात तासभर गेलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून दप्तरं गोळा केली, आणि मी एका फोटोला नऊशे रुपये घालवून रडत होते. जरा लाज वाटली.

तिसरा दिवस – अमळनेर

एसटीने तासाभरात अमळनेर. साने गुरुजींची शाळा, तत्त्वज्ञान मंदिर, बोरी नदीकाठी सखाराम महाराजांची समाधी, २०२४ चं साहित्य संमेलन, यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय, मी दिवसभर एका घराच्या ओट्यावर होते.

घरातल्या आजी नव्वदीला टेकलेल्या. कान कमी, नजर पक्की. त्यांचे सासरे एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे ओढायचे. नट नाही, पेटीवाले नाही, पडदेवाले. पडदे टांगायचे, वेळेवर सोडायचे, गाव सोडताना गुंडाळून रेल्वेच्या वॅगनमध्ये भरायचे, आणि पुढच्या गावाला परत सगळं जुळवायचं, कुठल्या पडद्याला कुठल्या विंगा, कुठली झालर. बोलपट आले, कंपनी मोडली, सासरे घरी आले, ट्रंक घेऊन.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास, एक टाळ, दोरीची तीन भेंडोळी, आणि फडक्यात बांधलेले अकरा फोटो. शिवाय दोन काचेच्या प्लेटा, त्यातली एक आधीच मधून दुभंगलेली. मी फडकं सोडलं आणि वरचाच फोटो बघून हात थांबला. राजवाड्याचा पडदा. एकही माणूस नाही! पुढचे तीनही तसेच, रस्ता, देऊळ, बाग, फक्त पडदे आणि बाजूला विंगा, आणि विंगांच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेले आकडे, १, २, ३. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे फोटो कोणाला दाखवायला काढलेच नव्हते. हा त्या माणसाचा नकाशा होता, नवीन गावात सगळं परत कसं लावायचं त्याचा.

राजवाडा सांगते जरा. काळ्यापांढऱ्या फरशा, दोन्ही बाजूंना पाच पाच खांब, मागे कमान आणि कमानीतून दिसणारा घाट. सगळ्या रेषा मधोमध सिंहासनाच्या डोक्यावर एका बिंदूत मिळतात, मी मोजपट्टी लावून बघितलं, चोख. पण डावीकडच्या खांबांच्या सावल्या डावीकडे आणि उजवीकडच्यांच्या उजवीकडे पडल्यात, म्हणजे त्या राजवाड्यात मधोमध एक सूर्य लटकवलेला असणार. सातवीच्या पोराने हे केलं असतं तर मी मार्क कापले असते. उजवीकडच्या तिसऱ्या खांबापाशी एक चौकोनी ठिगळ, वरून खांबाच्या रेघा ओढून झाकलेलं, पण भिंगातून बघितलं तर ठिगळाच्या एका कडेला कापडाची बारीक पट्टी वर उठून दिसते.

पडदे रंगवणारी माणसं काही साधी नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटरांनी आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवले, मग सिनेमाकडे वळले, ‘ललितकलादर्श’चे पडदे पु. श्री. काळे रंगवायचे. आमच्या राजवाड्यावर मात्र सही नाही, मधोमध सूर्य लटकवणारा पेंटर कोण ते पेंटरच जाणे.

प्लेटांचं काम भाच्याने केलं. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. काचेची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद, चित्र मंद बाजूला असतं, तिला बोट लावायचं नाही, पुसायचं तर अजिबात नाही, प्लेट फक्त कडांनी धरायची. टॅबलेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावला, त्यावर कडेला पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून बोटभर उंचावर प्लेट ठेवली, मंद बाजू वर, उंची नाही दिली तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात. खोलीत अंधार केला, वरून मोबाईलने फोटो घेतला आणि ॲपमध्ये काळ्याचं पांढरं केलं. फुटलेल्या प्लेटचे तुकडे चिकटवायला जाऊ नका, शेजारी शेजारी ठेवून फोटो घ्या, बाकी कॉम्प्युटरवर जुळतं.

न फुटलेली प्लेट त्याच राजवाड्याची निघाली. म्हणजे फोटो आणि त्याची प्लेट दोन्ही. पण फोटो कधीतरी चौकटीत बसवायला खालून कापलेला होता (हा आपल्या लोकांचा आवडता उद्योग, फ्रेम लहान तर फोटो कापा), प्लेटमध्ये तो पूर्ण होता. भाच्याने चित्र डावं-उजवं उलटवून मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्याच्या खाली लाकडी रूळ, रूळ आणि जमीन यांच्यात वीतभर फट, आणि त्या फटीत दोन अनवाणी पाय. पडद्यामागे कोणीतरी उभं होतं, वाऱ्याने हलू नये म्हणून धरून.

मी मोठं करून आजींना दाखवलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत लांब केला. मग म्हणाल्या, ‘ह्या पाय मना सासरास्ना शेतस.’

सुनेला वाटलं आजी उगीच काहीतरी बोलतात, म्हणाली, ‘अहो आई, पायावरून कसं कळणार?’ त्यावर आजींनी जे सांगितलं ते असं, की लग्न होऊन आल्या तेव्हा सोळाच्या होत्या, सासऱ्यांसमोर पदर नाकापर्यंत. सासरे गेले तोवर त्यांचा चेहरा नीट असा कधी बघितलाच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाया पडायचं मात्र चुकलं नाही. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. भाच्याने परत मोठं केलं. चढलेलं होतं.

घरात त्या माणसाचा दुसरा एकही फोटो नाही.

नंतर जेवण, त्याबद्दल थोडं लिहिलं नाही तर पाप लागेल. बामणोदची वांगी, पांढरट हिरवी, एकेक अर्धा किलोचं, परसात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. तेलात हिरवी मिरची आणि लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, जरा काळसर आणि खमंग. घरी गॅसवर वांगं भाजून ही चव येत नाही, मी आल्यावर करून बघितलं. भाच्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि आडवा झाला.

पैशाची गोष्ट काढली तर आजी रागावल्या. शेवटी ठरलं ते असं : रस्त्याच्या पडद्याच्या दोन सारख्या प्रती होत्या त्यातली एक माझी, बाकी सगळं त्यांच्या घरातच राहील, मी फक्त स्कॅन नेले. त्याबदल्यात मी पायांचा फोटो मोठा करून पाठवायचा. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या, फोटो वेगवेगळ्या साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवले (चिकटपट्टी नाही, प्लास्टिकचा अल्बम नाही, लॅमिनेशन तर नाहीच), प्लेटा पुठ्ठ्यात घालून उभ्या, आडव्या एकीवर एक रचल्या की वजनानेच तडकतात. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा, आमच्या राजवाड्यामागे पेन्सिलने दोनच शब्द आहेत, ‘राजवाडा जुना’. म्हणजे नवा पण होता तर!

चौथा दिवस – जळगाव, भुसावळ

सकाळी जळगाव. बालगंधर्वांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण इथे झालं, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, तिथे जाऊन रिकाम्या स्टेजसमोर दहा मिनिटं बसले. स्टेजवर एक कुत्रं झोपलेलं, आमच्याकडे बघून कूस बदलली. भाच्याला केळीचे वेफर्स घ्यायचे होते, तीन किलो घेतले, त्यातले एक किलो भुसावळपर्यंत पण टिकले नाहीत.

भुसावळला स्टुडिओवाल्या काकांच्या व्याह्यांकडे. आमची काही मोठी अपेक्षा नव्हती, हौशी नाटकांचे फोटो म्हणजे हार, ढाल आणि प्रमुख पाहुणे. त्यांनी एक मोठा ग्रुप फोटो भिंतीवरून काढून दिला, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, रेल्वेतल्या लोकांनी बसवलेलं ऐतिहासिक नाटक. साल खरवडलं गेलंय पण पन्नाशीचं दशक असावं. पुढे जमिनीवर मावळे, मग खुर्च्यांवर साहेब लोक, मागे उभे सरदार, दाढ्या सुटत आलेल्या. काका एकेकाचं नाव सांगायला लागले, हे गार्ड, हे बुकिंगमधले, हे आमचे वडील, स्त्री पार्टमध्ये. आणि मी नेहमीप्रमाणे माणसं सोडून मागे बघत होते.

काळ्यापांढऱ्या फरशा. खांब. कमान, कमानीत घाट.

असे राजवाडे त्या काळात शेकड्याने होते, त्यामुळे मी स्वतःला दटावलं. भिंग काढलं (या वेळी खिशात होतं). सावल्या बघितल्या, डावीकडच्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे. तरी म्हटलं एकाच पेंटरचे दोन पडदे असू शकतात. मग उजवीकडचे खांब मोजले, पहिला एका सरदाराच्या फेट्यामागे गेलेला, दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्यापाशी ठिगळ. चौकोनी, एका कडेला उठलेली पट्टी. भाच्याने अमळनेरचा स्कॅन मोबाईलवर शेजारी धरला आणि आम्ही दोघं काहीच बोललो नाही, काका विचारतायत, ‘ओळखीचं कोणी निघालं का?’

‘हो,’ भाचा म्हणाला, ‘पडदा.’

तो आजींच्या सासऱ्यांच्या कंपनीकडून भुसावळला कोणाच्या हातून आला, कोणी विकला, कितीला, ते काकांना माहीत नाही, त्या ग्रुपमधलं आता कोणी उरलेलं नाही. पडद्याचं पुढे काय झालं तेही नाही. रंग मात्र बराच गेलेला दिसतो, घाट जवळजवळ पुसलाय, आडव्या चिरा दुप्पट झाल्यात, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले की एका पडद्याचं म्हातारपण दिसतं. माझ्या आठ वर्षांच्या संग्रहात एकच पडदा दोन फोटोंत सापडायची ही पहिली वेळ. काकांनी फोटो विकायला नकार दिला, आणि बरोबरच आहे, त्यात त्यांचे वडील आहेत. फ्रेम उघडायचीही मी परवानगी मागितली नाही, कारण फोटो काचेला चिकटलेला दिसत होता, तो ओढून काढायला गेलं की वरचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा पुठ्ठा. काचेवरूनच फोटो घेतले, खिडकी बंद करून, फ्लॅश न लावता, मोबाईलमागे काळी ओढणी धरून, म्हणजे चकाकी येत नाही.

परतीच्या गाडीत मी दोन्ही फोटो अमळनेरला आजींच्या नातवाला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली ठिगळाभोवती लाल गोल करून दिला. जळगाव गेलं, पाचोरा गेलं, उत्तर नाही. चाळीसगावच्या अलीकडे नातवाचा मेसेज आला, आजी झोपल्या होत्या, आता दाखवलं, त्या म्हणतात ठिगळ त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं, त्यांच्या स्वतःच्या लुगड्याचं, काठासकट. घरात ही गोष्ट सगळ्यांना सांगून झालीय म्हणे, पण कोणाला खरी वाटत नव्हती.

मागोमाग आजींचा आवाजी मेसेज. आधी बराच वेळ खरखर, मागे कोणीतरी ‘आजी बोला, चालू आहे’ म्हणतंय, मग आजींचा मोठा आवाज, आमच्या डब्यातले चार जण वळून बघायला लागले इतका.

‘बाई, भुसावयना फोटूमा नीट देखं. ठिगयना टाका तुटी ग्यात का?’

भाच्याने वेफर्सचे हात पँटला पुसले आणि फोटो मोठा करायला घेतला.